समासातली लाल रेघ : जोनच्या चरित्रातून 'आवाज' वगळणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मुलांसाठी चरित्रमाला काढणारे मराठीतले सर्व संपादक आणि प्रकाशक यांस,

स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात तुमच्यापैकीच एकांकडून माझ्या पुस्तकाची प्रुफं आली. धाडसी मुलींच्या मालिकेतलं 64 पानी पुस्तक, वाचक 10 ते 14 वर्षांचे, विषय पंधराव्या शतकात फ्रान्सच्या राजासाठी लढलेली खेडवळ मुलगी, जोन ऑफ आर्क. पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि तिसऱ्या प्रकरणापाशी हात थांबला. 'परसातला आवाज' हे पाच पानांचं अख्खं प्रकरण एका तिरक्या लाल रेघेनं कापलेलं होतं. शेजारी समासात टीप : 'दैवी आवाज नकोत, अंधश्रद्धेला खतपाणी. त्याऐवजी : मायभूमीची दुर्दशा पाहून जोनचे रक्त सळसळले.'

प्रकाशनाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की भांडण दोघांचं होतं आणि बाकीचे सुटतात. ही सवय एका घरातली नाही. त्यानंतर आमच्या वाचनालयाच्या कपाटातली जोनवरची होती नव्हती ती सगळी मराठी पुस्तकं मी काढून बसले. पातळ, जाड, रंगीत, जुनी पिवळी पडलेली. एकात आवाज अर्ध्या वाक्यात उरकलेले, एकात 'तिला वाटे की' एवढ्यावर भागवलेलं, दोघांत त्यांचा पत्ताच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. आता दर शनिवारी वाचनालयात मुलांना गोष्टी सांगते. अंधश्रद्धेचं म्हणाल तर लिंबातून 'रक्त' काढायचे आणि हातावर कापूर जाळायचे प्रयोग मी वर्गावर्गांतून करून दाखवलेले आहेत. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला त्या दिवशी शाळेच्या फळ्यावर ती बातमी माझ्याच अक्षरात होती. जोनला संत दिसत होते, यावर माझा विश्वास नाही. तरीही ते प्रकरण पुस्तकात राहिलंच पाहिजे, असं मी म्हणते. का, ते ऐकून घ्या.

मी प्रुफं घेऊन शनिवारी वाचनालयात गेले आणि मुद्दाम तुमची सुधारलेली आवृत्ती मुलांना वाचून दाखवली. मायभूमीची दुर्दशा, सळसळलेलं रक्त, मग घोडा, चिलखत, सैन्य. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "पण बाई, तिला घोडा दिला कुणी? आणि का दिला? आम्ही मागितला तर देतील?" बाकीची हसली. मला हसू आलं नाही, कारण नेमका हाच प्रश्न 1429 सालच्या फ्रान्समध्ये प्रत्येकानं विचारला होता आणि त्याचं उत्तर तुम्ही कापलेल्या पाच पानांत होतं.

ती परिस्थिती आठवा. 1420 सालच्या त्र्वाच्या तहानं फ्रान्सचा वारसा इंग्लंडच्या राजाकडे गेला होता. 1422 मध्ये इंग्लंडचा पाचवा हेन्री आणि फ्रान्सचा सहावा शार्ल हे दोघेही दोन महिन्यांच्या आत वारले. वर्षाचंही न झालेलं एक बाळ दोन्ही देशांचा राजा म्हणून जाहीर झालं. पॅरिस आणि उत्तरेचा मुलूख इंग्रज आणि त्यांचे दोस्त बर्गंडीवाले (बर्गंडीच्या ड्यूकच्या बाजूचे फ्रेंच) यांच्या ताब्यात. सहाव्या शार्लचा मुलगा, पुढचा सातवा शार्ल, लुआर नदीच्या दक्षिणेला राज्याभिषेकाविना बसलेला. ऑक्टोबर 1428 पासून ऑर्लेआंला वेढा. सगळी मदार होती ती खानदानी सरदार आणि पैसे घेऊन लढणारे कप्तान यांच्यावर. अशा वेळी म्यूज नदीकाठच्या दोंरेमी गावातली सतरा वर्षांची मुलगी, लिहिता-वाचता न येणारी, व्होकुलरच्या किल्लेदारापुढे उभी राहून म्हणते, मला राजाकडे पाठवा. रक्त सळसळणारी मुलं तेव्हा गावोगाव असतील. त्यांना कुणी घोडा दिला नाही.

पुढे जोनवर पाखंडाचा खटला चालला, तेव्हा तिनं स्वतः न्यायालयात सांगितलेलं असं आहे. तेराव्या वर्षी, उन्हाळ्यात, दुपारच्या सुमारास, वडिलांच्या बागेत तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. उजव्या हाताकडून, चर्चच्या बाजूनं आला. सोबत उजेड होता. ती घाबरली. आणि त्या आवाजानं सुरुवातीला लढाईबिढाईचं काहीच सांगितलं नाही. नीट वाग, चर्चला जात जा, एवढंच. फ्रान्सला जा, ऑर्लेआंचा वेढा उठव, हे नंतर आलं, आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागलं. तिनं उत्तर दिलं की मी गरीब मुलगी, मला घोड्यावर बसता येत नाही, लढाईतलं काही कळत नाही. हे आवाज संत मायकल, संत कॅथरीन आणि संत मार्गारेट यांचे, असं तिचं म्हणणं.

मराठीत यासाठी चार शब्द आहेत. दृष्टांत म्हटलं की आपण विश्वास ठेवून मोकळे होतो. भास म्हटलं की निकाल देऊन मोकळे होतो. अंगात येणं म्हटलं की हसून मोकळे होतो. साक्षात्कार तर सगळं गुळगुळीत करून टाकतो. मी 'आवाज' शब्द वापरला, कारण तीही बहुतेक वेळा तोच शब्द वापरत होती. शब्द तिचा, शंका आपली. लेखकानं एवढं पथ्य पाळलं की पुरे.

आता माझ्या तक्रारी. क्रमानं सांगते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली तक्रार त्या 'मायभूमी'बद्दल. पंधराव्या शतकातल्या शेतकऱ्याच्या मुलीच्या तोंडी तुम्ही विसाव्या शतकातलं प्रभातफेरीचं गाणं घातलं आहे. ती बोलत होती देवानं नेमलेल्या राजाबद्दल, त्याच्या हक्काबद्दल, रँसच्या कॅथेड्रलमधल्या अभिषेकाबद्दल. तिच्याच गावाशेजारी बर्गंडीच्या बाजूचं गाव होतं आणि दोन गावांतली पोरं एकमेकांशी मारामाऱ्या करून रक्तबंबाळ होऊन घरी येत. 1428 मध्ये दोंरेमीची माणसं गुरंढोरं घेऊन नफशातोला पळाली होती, हेही खरं. देशाबद्दल तिला काही वाटतच नव्हतं, असं मी म्हणत नाही. पण तिला उठवलं कशानं, हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलेलं असताना तिच्याऐवजी तुम्ही उत्तर देऊ नका.

दुसरी, तलवार. मुखपृष्ठाचं चित्रही मला पाठवलं होतं. उधळलेला घोडा, रक्तानं माखलेली तलवार, खाली पडलेली प्रेतं. जोनला न्यायालयात विचारलं गेलं, तलवार प्रिय की निशाण? ती म्हणाली, निशाण चाळीस पटीनं जास्त प्रिय. हल्ल्याच्या वेळी मी ते स्वतः हातात धरत असे, म्हणजे कुणाला मारावं लागू नये. मी कधी कुणाला मारलेलं नाही. हे वाक्य मुलांपर्यंत पोचलं तर त्यांचं काय वाईट होणार आहे? ऑर्लेआंला ती 29 एप्रिल 1429 रोजी पोचली. 4 मे रोजी सेंट-लूच्या गढीवरचा हल्ला तिला न सांगताच सुरू झाला होता. ती झोपलेली होती, उठली आणि आपल्याला उठवलं नाही म्हणून सेवक-पोरावर चिडली. अनुभवी कप्तान तिला बाजूला ठेवू पाहत होते, ही गोष्टीतली खरी गंमत आहे. 7 मे रोजी तूरेलच्या किल्ल्यावर तिला मानेजवळ बाण लागला. संध्याकाळी फ्रेंचांचा सेनानी द्युन्वा सैन्य मागे घ्यायच्या बेतात होता. तिनं थोडं थांबायला सांगितलं, एकटी द्राक्षमळ्यात गेली, काही मिनिटं प्रार्थना केली, परत येऊन खंदकाच्या काठावर निशाण धरून उभी राहिली. किल्ला पडला. दुसऱ्या दिवशी इंग्रज वेढा उठवून गेले. सात महिन्यांचा वेढा तिच्या आल्यापासून दहा दिवसांत सुटला. त्यात योगायोग किती, कप्तानांचं कसब किती, दमलेल्या इंग्रजांचा वाटा किती, यावर इतिहासकार खुशाल भांडोत. पण आपल्या बाजूला देव आहे असं सैन्याला वाटू लागलं होतं, आणि ते तिच्या आवाजांमुळे. ते वगळलंत तर द्राक्षमळ्यात ती काय करायला गेली होती?

तिसरी तक्रार चिल्लर, पण बोलून टाकते. 'आर्क' नावाचं गाव नाही. आर्क, म्हणजे दार्क, हे तिच्या वडिलांचं आडनाव. तिनं स्वतः ते वापरल्याचं दिसत नाही; आमच्याकडे मुली आईचं आडनाव लावतात, असं ती न्यायालयात म्हणाली होती. गावात तिला झानेत म्हणत. ती स्वतःला 'ला प्युसेल' म्हणवत असे, म्हणजे कुमारिका. 'गरीब मेंढपाळ' हेही सैल आहे. वडील बऱ्यापैकी शेतकरी, गावकीची कामं सांभाळणारे. गुरं हाकायला मदत केली, पण माझं काम शिवण आणि सूतकताई, असं तिनं ठसक्यात सांगितलं, आणि वर म्हणाली की यात रुआंमधल्या (खटला चालला त्या शहरातल्या) कुठल्याही बाईला मी हार जाणार नाही. आणि 'फ्रान्सची झाशीची राणी' हे उपपद आता पुरे करा. लक्ष्मीबाई गादीवर होत्या, स्वतःच्या राज्यासाठी लढल्या. जोनकडे राज्य नव्हतं, हुद्दा नव्हता, होते फक्त ते आवाज. एकीच्या नावानं दुसरी समजत नाही, दोघीही पुसट होतात.

चौथीत मला थोडं हसूही येतं. 'आई-वडिलांना न सांगता घर सोडलं' हे वाक्यही लाल रेघेखाली गेलं आहे, बहुधा वाईट उदाहरण म्हणून. तिच्या वडिलांना स्वप्न पडलं होतं की मुलगी सैनिकांबरोबर निघून गेली. त्यांनी मुलांना सांगितलं, असं व्हायची वेळ आली तर तिला बुडवा, नाहीतर मी बुडवीन. हे तिला आईनं सांगितलं होतं. एका तरुणानं तर तिनं लग्नाचं वचन मोडलं म्हणून तूलच्या धर्मन्यायालयात दावा लावला. मी असं वचन दिलंच नाही, असं सांगून ती सुटली. व्होकुलरचा किल्लेदार बोद्रिकूर यानं पहिल्या खेपेला तिच्या नातलगाला सांगितलं होतं, हिला चार थपडा मारून बापाकडे पोचव. बापाचं स्वप्न, लग्नाचा दावा, थपडा, सगळं ओलांडून ही मुलगी पुरुषाच्या वेशात सहा माणसांबरोबर शत्रूच्या मुलखातून अकरा दिवस प्रवास करून शिनोंला राजाकडे गेली. आपल्या गावातल्या कुठल्याही चौदा वर्षांच्या मुलीला यातलं अक्षरन् अक्षर कळेल. तुम्हाला भीती कुणाची वाटते आहे, मुलींची की त्यांच्या पालकांची?

आता पाचवी, जिच्यासाठी मुख्यतः हे पत्र. तुमच्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांत शेवट एका वाक्यात आहे : 'दुष्ट इंग्रजांनी तिला चेटकीण म्हणून जाळले.' इंग्रजांना ती मेलेली हवी होती, हे खरं. 23 मे 1430 रोजी कोंपिएन्यला ती बर्गंडीवाल्यांच्या हाती लागली आणि इंग्रजांनी 10,000 लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजून तिला विकत घेतलं. खटल्याचा खर्चही त्यांचाच. पण न्यायासनावर बसलेला बोव्हेचा बिशप प्येर कोशों फ्रेंच होता. त्याच्या आजूबाजूचे डझनावारी धर्मपंडितही जवळजवळ सगळे फ्रेंच. पॅरिस विद्यापीठानं, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या विद्यापीठानं, आरोपपत्रातली बारा कलमं वाचून तिच्याविरुद्ध मत दिलं. आणि अखेरचा ठपका चेटकाचा नव्हता. एकदा माघार घेऊन पुन्हा तेच करणारी पाखंडी, असा होता. आपल्याच देशातल्या शिकलेल्या लोकांनी एका अडाणी मुलीला कायद्याची कलमं लावून मारलं, हे मुलांना सांगणं अवघड आहे, मान्य. म्हणूनच ते सांगायला हवं.

आणि तो खटला! 1431 च्या फेब्रुवारीपासून महिनोन् महिने प्रश्न. कोठडी चर्चची नव्हती, रुआंच्या किल्ल्यातली. पायात बेड्या, पहाऱ्यावर इंग्रज शिपाई. वकील नाही. एकीकडे आयुष्य पोथ्यांत घालवलेली माणसं, दुसरीकडे 'क'ही न येणारी पोर. त्यांनी विचारलं, तुझ्यावर देवाची कृपा आहे का? 'आहे' म्हणावं तर उद्धटपणा आणि पाखंड, कारण ते कुणालाच खात्रीनं कळत नाही. 'नाही' म्हणावं तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली, नसेन मी कृपेत तर देव मला त्यात घेवो, असेन तर त्यातच ठेवो. विचारणारे थक्क झाले, असं तिथल्या एका लेखनिकानं पुढे सांगितलं. संत मार्गारेट इंग्रजीत बोलते का? ती इंग्रजांच्या बाजूची नाही तर इंग्रजीत कशाला बोलेल? संत मायकल तुला दिसला तेव्हा नागडा होता का? देवाकडे त्याला घालायला कपडे नाहीत, असं वाटतं का तुम्हाला? मी हे वाचते तेव्हा वाचनालयातली मुलं टाळ्या वाजवतात, माझ्या सांगण्याची वाट न बघता.

त्याआधी, 1429 मध्ये, प्वातिए शहरात राजाच्या बाजूच्या पंडितांनीही तिची तीनेक आठवडे तपासणी केली होती. त्यातल्या सेगँ नावाच्या धर्मपंडितानं विचारलं, तुझे आवाज कोणती भाषा बोलतात? ती म्हणाली, तुमच्यापेक्षा बरी. सेगँ लिमुझँ प्रांतातला, बोलण्याला तिकडची ढब. हा किस्सा आपल्याला माहीत आहे तो त्याच सेगँनं सत्तावीस वर्षांनी शपथेवर सांगितला म्हणून. स्वतःवरचा विनोद जपून ठेवणारा पंडित! मला तो फार आवडतो.

बघा, हे सगळे प्रश्न आवाजांबद्दलचे आहेत. खटला आवाजांबद्दलचा आहे. आवाज काढले की न्यायाधीशांना विचारायला काही उरत नाही आणि तिला मरायला कारण उरत नाही. 24 मे रोजी सेंट-उआंच्या दफनभूमीत, जाळण्याची धमकी समोर असताना, तिनं माघारीच्या कागदावर खूण केली. जन्मठेप झाली. 28 मे रोजी न्यायाधीश कोठडीत गेले तर ती पुन्हा पुरुषी कपड्यांत. त्यांनी विचारलं, त्यानंतर आवाज ऐकलेस? हो. काय म्हणाले? जीव वाचवायला मी जी माघार घेतली तो विश्वासघात होता, त्याचं देवाला वाईट वाटलं, असं म्हणाले. या उत्तराशेजारी, समासात, लेखनिकानं लॅटिनमध्ये दोन शब्द लिहून ठेवले आहेत. अर्थ : प्राणघातक उत्तर. दोनच दिवसांनी, 30 मे 1431 रोजी, रुआंच्या जुन्या बाजारचौकात तिला जाळलं. वय सुमारे एकोणीस. राख सेन नदीत टाकली.

जे उत्तर तिनं जीव देऊन दिलं, तेच तुम्ही लाल पेन्सिलीनं खोडलंत. त्या लेखनिकानं निदान समासात खरं लिहिलं होतं.

अंधश्रद्धेच्या भीतीबद्दल मी गंभीरपणे बोलते, कारण ती भीती मलाही आहे. 'मुलीला देव दिसला, सगळ्यांनी ऐकलं, विजय झाला' एवढंच मुलांच्या हाती ठेवलं तर ते वाईटच. पण गोष्ट एवढी कुठे आहे? कात्रीन द ला रोशेल नावाची एक बाई जोनकडे आली. म्हणाली, रात्री मला सोनेरी वस्त्रातली एक पांढरी बाई दिसते, ती खजिने दाखवणार आहे. जोन तिच्याबरोबर जागत बसली. पहिल्या रात्री मध्यरात्रीपर्यंत काही दिसलं नाही, मग डोळा लागला. सकाळी कात्रीन म्हणाली, तू झोपलीस तेव्हाच आली होती. जोननं दुसऱ्या दिवशी दिवसा झोप काढली आणि रात्रभर टक्क जागी राहिली. काहीही आलं नाही. तिनं त्या बाईला सांगितलं, घरी जा, नवऱ्याचं नि पोराबाळांचं बघ. दैवी आवाज ऐकणारी मुलगी दुसऱ्या बाईचा दृष्टांत पुरावा मागून तपासते! यापेक्षा चांगला धडा मला एकतीस वर्षांत पाठ्यपुस्तकात सापडला नाही.

दुसरं, कैदेत असताना बोरव्हारच्या मनोऱ्यावरून तिनं उडी टाकली. आवाज 'उडी मारू नकोस' म्हणत असताना टाकली, हे तिनं स्वतः सांगितलं. म्हणजे ती कळसूत्री बाहुलीही नव्हती. तिसरं, ती पकडली गेल्यावर रँसच्या आर्चबिशपनं काय केलं? तिच्या सुटकेऐवजी गेव्होदानचा एक मेंढपाळ पोरगा पुढे आणला, याच्याशीही देव बोलतो म्हणून. जिचे आवाज सोयीचे होते तोवर तिला मिरवलं. गैरसोय झाली, तेव्हा नवे आवाज शोधले. दृष्टांत कुणाला होतो यापेक्षा त्याचा उपयोग कोण करून घेतो, हे मुलांना इथं दिसतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम याहून वेगळं काय असतं?

आणि एक बारीकशी गोष्ट. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव विठ्ठलाला घेऊन आले आणि कवित्व करायला सांगून गेले, हे तुमच्याच मालिकांतल्या तुकारामचरित्रात आहे. संत बहिणाबाईंना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला, तेही आहे. ते तुम्ही काढत नाही, काढूही नका. मग दोंरेमीच्या मुलीचंच काय घोडं मारलं? आपले ते दृष्टांत आणि परक्याची ती अंधश्रद्धा, असा हिशेब असेल तर तो उघड मांडा, म्हणजे बोलता येईल.

सहावी तक्रार राहिली. तिची आई. इझाबेल रोमे. 7 नोव्हेंबर 1455 रोजी ही म्हातारी पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये पोपच्या प्रतिनिधींपुढे उभी राहिली आणि मुलीच्या खटल्याची फेरतपासणी मागितली. मग शंभरावर साक्षी झाल्या. गावच्या मैत्रिणी, नांगरणारे शेजारी, बरोबरीचे सैनिक, रुआंचे लेखनिक. जोनच्या लहानपणाबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंच या गावकऱ्यांच्या तोंडचं. 7 जुलै 1456 रोजी जुना निकाल रद्दबातल ठरला. त्यामागे राजाचाही स्वार्थ होता, पाखंडी मुलीच्या मदतीनं मिळालेला मुकुट त्याला नको होता. पण दाद मागायला आई उभी होती. दोन वर्षांनी ती वारली. चर्चनं जोनला संत ठरवलं ते 1920 साली. प्रुफात आईचं पान 'जागेअभावी' गेलं आणि त्या जागी 'आपण काय शिकलो?' अशी चौकट आली.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

जोनचे आवाज पुस्तकात तिच्या म्हणण्याप्रमाणे छापा. 'ती असं सांगत असे' हे स्पष्ट लिहा, शेजारी शंकाही छापा, आजारापासून कल्पनेपर्यंत लोकांनी काय काय सुचवलं तेही छापा. पण खोडू नका आणि पदरचं कारण घालू नका.

खटल्याला पुस्तकाचा निदान चौथा हिस्सा द्या. न्यायाधीश कोण होते, ते खरं सांगा.

मुखपृष्ठावर तिच्या हातात निशाण द्या. तलवार कमरेला असू दे.

जे चुकीचं छापलं गेलं आहे ते पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा. 'आर्क गावची' हे आधी.

आणि आम्हा लिहिणाऱ्यांचं एखादं प्रकरण काढायचं असेल तर प्रुफाच्या आधी फोन करा. वाद घालू. माझं म्हणणं पटलं नाही तर पुस्तक परत पाठवा, तो तुमचा हक्क आहे. पण माझ्या नावाखाली माझं नसलेलं वाक्य छापू नका. मी ते पुस्तक मागे घेतलं आहे आणि मानधनाची आगाऊ रक्कम परत केली आहे.

ज्यांच्याकडे माझं हस्तलिखित आहे त्यांना एक वेगळी विनंती. तिसऱ्या प्रकरणाची माझ्याकडे दुसरी प्रत नाही. ती पाच पानं तेवढी टपालानं परत पाठवा, रेघेसकट चालतील. शनिवारची मुलं अजून त्या बागेत थांबली आहेत. मी आठवणीनं सांगायला बसते, पण सहावीतली ती मुलगी दर वेळी अडवते, "बाई, आवाज उजवीकडून आला की डावीकडून, ते नक्की बघून सांगा."

कळावे,
आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका